बायको मराठी घडाघडा बोलते, पण अर्ज लिहिताना चुकते. तिची मराठी कच्ची आहे का?

कच्ची नाही. तुम्ही लिहिलंय की बायको रायपूरची, लग्नाला सात वर्षं झाली, सासूशी, शेजारणींशी, नागपुरात गोकुळपेठच्या भाजीवाल्याशी बिनधास्त मराठी बोलते. आता राज्य सरकारच्या नोकरीत एतदर्थ मंडळाची उच्चस्तर परीक्षा, म्हणजे अमराठी कर्मचाऱ्यांसाठीची मराठीची वरची परीक्षा, द्यायची आहे, आणि अर्ज लिहायला बसली की बोलताना कधी न होणाऱ्या चुका करते. वर तुमचा भाऊ म्हणतो, 'वहिनीला मराठी येतच नाही, नुसतं ऐकून पाठ झालंय.' हे वाक्य मी लहानपणापासून माझ्या आईबद्दल ऐकत आले, म्हणून लिहिते आहे.

आई जबलपूरची. मी सहावीत असताना मामाचं लग्न ठरलं. बाबा दौऱ्यावर होते, त्यामुळे शाळेत रजेची चिठ्ठी आईलाच लिहावी लागली. ओट्यावर वही ठेवून तिनं तासभर घालवला, दोन कागद फाडले. तिसऱ्या कागदाच्या कोपऱ्याला कणीक लागली होती, तरी तोच दिला. त्यात होतं: 'माझ्या भावाचे लग्न ठरले आहे. आपण सगळे १४ तारखेला जबलपूरला जाणार आहोत. तरी चार दिवसांची रजा द्यावी.' बाईंनी ती चिठ्ठी वर्गात मोठ्यानं वाचली आणि म्हणाल्या, 'अगंबाई, तुझी आई मलाही घेऊन चालली का जबलपूरला?' सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. पण मैत्रिणीच्या आईकडून ते आत्याला कळलं आणि आमच्याकडच्या प्रत्येक कार्यात पुढची कितीतरी वर्षं ती चिठ्ठी निघत राहिली.

आता त्या चिठ्ठीकडे नीट बघा. 'भावाचे लग्न ठरले' अगदी बरोबर आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून बोलताना आईचं ते हमखास चुकायचं. 'दूध फाटला', 'नळाला पाणी नाही आला', आणि त्याच आठवड्यात सगळ्या वाड्याला तिनं सांगितलं होतं, 'भावाचा लग्न ठरला!' कागदावर मात्र सावकाश आठवून, 'ते लग्न' असं मनात म्हणून, तिनं ते बरोबर लिहिलं. उलट 'आम्ही' आणि 'आपण' बोलताना तिनं कधीच चुकवलं नाही. जबलपूरहून परतल्यावर शेजारच्या काकूंना सांगत होती, 'आम्ही निघालो तं गाडी लेट. तुम्ही असत्या नं काकू, तं आपण मिळून डबा खाल्ला असता.' एका दमात दोन्ही, दोन्ही जागच्या जागी. कागदावर तेच चुकलं, कारण हिंदीत दोन्हीला 'हम', आणि बाईंना लिहायचं तर 'आपण' जास्त अदबीचं वाटलं.

म्हणजे बोलताना चुकतं ते लिहिताना बरोबर, आणि लिहिताना चुकतं ते बोलताना बरोबर. मग तिला मराठी येत होतं की नव्हतं?

पुढे मी भाषाशास्त्रात एम.ए. केलं ते बरंचसं याच प्रश्नापायी. तिथे एलेन टॅरोन या अमेरिकन अभ्यासक बाईंचं १९८५ सालचं काम वाचलं. इंग्रजी शिकणारे, मातृभाषा जपानी आणि अरबी. त्यांना व्याकरणाची लेखी चाचणी दिली, मुलाखतीत बोलायला लावलं आणि एक गोष्ट सांगायला लावली. क्रियापदाला लागणारा तृतीयपुरुषी 'एस' ('शी ईट्स'मधला) चाचणीत सगळ्यांत बरोबर आला आणि गोष्ट सांगताना ढासळला. 'अ' आणि 'द' या इंग्रजी उपपदांचं बरोबर उलटं झालं, गोष्टीत ते जास्त बरोबर आले. कारण 'एस' गाळला तरी ऐकणाऱ्याचं काही अडत नाही. पण कुठला माणूस, आधी सांगितलेला की नवा, हे कळलं नाही तर गोष्टच कळत नाही. ते वाचताना मला थेट आईची चिठ्ठी दिसली. 'दूध फाटला' म्हटल्यावर नागपुरात कुणीही तिला थांबवलं नव्हतं. पण 'आपण गेलो' म्हटलं असतं तर काकूंनी लगेच विचारलं असतं, 'मी कुठं होते वं?'

आत्या शाळेत मराठी शिकवायची. तिचं म्हणणं एकच, 'लिहिता येत नाही ती भाषा आलीच नाही.' मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आत्या स्वतः घरी 'काय करून राहिली वं' म्हणायची आणि वहीत 'काय करीत आहेस' लिहायची. हे 'करून राहिली' नागपुरात हिंदीच्या वळणावरच रुळलंय. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, तेव्हा यात नवल काही नाही. आत्याच्या दोन मराठी असल्या तर ती विद्वान, आईच्या दोन असल्या तर आई अडाणी, हा न्याय कुठला? तुमच्या भावालाही विचारा, घरी तो 'येऊन राहिलो' म्हणतो की 'येत आहे'. आणि 'उपरोक्त विषयान्वये', 'सदर प्रकरणी', 'मंजूर करण्यात यावी' हे त्याला कुणाच्या मदतीशिवाय लिहून दाखवायला सांगा.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर व्याकरणाचा क्लास लावू नका. तिच्या ऑफिसातले खरे दहा-बारा अर्ज आणि टिपण्या मिळवा, तिला त्या हातानं उतरवू द्या, मग तशाच नव्या लिहू द्या. लिहून झाल्यावर तिनं ते तुमच्या आईला मोठ्यानं वाचून दाखवावं. 'आपण-आम्ही'सारखी चूक ऐकणाऱ्यालाच आधी कळते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानदारानं तिचा उच्चार ऐकून हिंदी सुरू केली तरी तिनं मराठी सोडू नये. नागपुरात परक्या माणसाचं मराठी तिथंच थांबतं.

हेही सांगते की टॅरोन बाईंच्या अभ्यासात शिकणारे वीसच होते, आणि माझी आई तर एकटीच. शिवाय उच्चस्तरला सरकारी मराठी लागणारच, ती शेजारणीशी बोलून येत नाही. तिथे आत्याचं थोडं खरं होतं. पण ती शिकायची राहिलीय एवढंच, आणि दोन-तीन महिन्यांत येईल. भावाला मात्र 'तिची मराठी कच्ची नाही' हा निकाल परीक्षेची वाट न बघता आजच सांगा, आणि वहिनीसमोर सांगा. आमच्याकडे बाबा आत्यासमोर कधी काही बोलले नाहीत.