चोक सोडला की गाडी बंद पडते. कार्ब्युरेटर बदलावा का?

एवढ्यात तरी नको. तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेली ही मोटरसायकल आधीच्या मालकाकडे बरेच महिने नुसती उभी होती. चोक ओढला की लगेच सुरू होते, चोक सोडला की बंद पडते, रेस धरून ठेवली तर कशीबशी चालते. आणि मेकॅनिक थेट नवा कार्ब्युरेटर टाका म्हणतोय. अहो, निदान तर तुमच्या प्रश्नातच आहे. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो; चोक लावला की त्या मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्याच्याशिवाय गाडी चालत नसेल, तर एक तर पेट्रोल कमी पोहोचतंय किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय.

हवेचं आधी बघा, कारण त्यासाठी काही खोलावं लागत नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधे रबरी मॅनिफोल्ड असतो, जुन्या गाड्यांत त्याला हमखास तडे जातात. चोकवर गाडी चालू ठेवून त्या रबरावर आणि जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर चोर सापडला. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात, तो वेडेपणा करू नका.

मग गाडी बंद करून, कॉक (पेट्रोलच्या टाकीखालची तोटी) सुरू ठेवून फ्लोटच्या वाटीखालचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीखालचा, ड्रेन स्क्रू सैल करा आणि पेट्रोल काचेच्या बाटलीत धरा. धार सलग हवी. तळाशी पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर टाकी साफ केल्याशिवाय पुढच्या मेहनतीला अर्थ नाही. (व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर इंजिन बंद असताना धार तुटणारच, घाबरू नका.)

आता खरा संशयित, पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा पितळी तुकडा. स्लोला, म्हणजे रेस न देता, इंजिन याच्यावरच जगतं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर ते बुजवून टाकतो. रेस दिल्यावर पेट्रोल देणाऱ्या मेन जेटचं भोक बरंच मोठं असल्यामुळे ते सहसा वाचतं, म्हणून तर रेस दिल्यावर तुमची गाडी चालते. जेट काढून उजेडाकडे धरा. मधोमध स्वच्छ, गोल ठिपका दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला किंवा कडा खडबडीत वाटल्या तर अजून घाण आहे. तार किंवा सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की ते जेट कायमचं गेलं. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेचा प्रेशर मारा, तरीही भागलं नाही तर त्याच नंबरचं नवीन जेट बसवा.

जेटइतकीच त्याच्या मागची वाट महत्त्वाची, आणि घाईत तीच राहून जाते. जेट काढलेल्या भोकात क्लीनरची नळी लावून फवारा मारा. थ्रॉटलजवळच्या (रेस दिल्यावर उघडणाऱ्या झडपेजवळच्या) बारीक छिद्रांतून तो बाहेर आला तर वाट मोकळी. पण त्याआधी ओ-रिंग, डायफ्रॅम असलं सगळं रबर काढून ठेवा, क्लीनरने ते फुगतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, फवारा भलत्याच छिद्रातून उलटा येतो.

मिक्श्चर स्क्रू (स्लोचं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा. अर्थात आधीच्या मालकाने तो कुठे ठेवला असेल याचा भरवसा नाही; खाच चेपलेली असेल तर नक्कीच कुणीतरी हात चालवलाय. मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर उत्तम, नाहीतर दीड ते दोन फेरे बाहेर इथून सुरुवात करा आणि इंजिन गरम झाल्यावर सेट करा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर बहुतेक पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. इथे फार जणांचा गोंधळ होतो.

नवा कार्ब्युरेटर मी फक्त स्लाइड (रेसबरोबर वरखाली होणारा भाग) झिजून खडखडत असेल, बॉडीला आतून खड्डे पडले असतील किंवा आटे गेले असतील तरच घेईन. स्वस्तातल्या नकली कार्ब्युरेटरमधली जेट्स तुमच्या इंजिनाला जुळतीलच असं नाही. त्यापेक्षा मूळ बॉडीत नवीन जेट आणि गॅसकेट बरे.

एवढं करूनही चोकशिवाय स्लोला टिकत नसेल, तर थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, तपासून घ्या. ते फार टाइट असले तरी गाडी स्लोला मरते, आणि दोष मात्र कार्ब्युरेटरवर येतो.