इंग्रजी क्रियापदांचे नेमके प्रकार किती?

आपण विचारले आहे की एका पुस्तकात क्रियापदांचे दोन प्रकार सांगितले आहेत, दुसऱ्यात पाच आणि तिसऱ्यात त्याहूनही जास्त, तर खरे कोणते मानावेत? मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. माझ्या मते गोंधळ संख्येचा नसून, वेगवेगळ्या निकषांवर केलेले भेद एकाच यादीत कोंबल्याचा आहे. निपाणीच्या एखाद्या माणसाला भाषेने मराठी, राज्याने कर्नाटकातला आणि व्यवसायाने तंबाखूचा शेतकरी म्हणता येते, तसेच एकच क्रियापद एकाच वेळी मुख्य, सकर्मक आणि अनियमित असू शकते.

पहिला निकष काम कोणते, हा. मुख्य क्रियापद अर्थ सांगते, तर सहाय्यक क्रियापद काळ, नकार, प्रश्न किंवा शक्यता यांचा भार उचलते. बी, हॅव आणि डू ही तिन्ही दोन्ही भूमिका करतात: ‘ही हॅज अ शॉप’ यात हॅज मुख्य आहे, ‘ही हॅज गॉन टू बेळगाव’ यात सहाय्यक. कॅन, मस्ट, शुड यांसारख्या मोडल क्रियापदांना मात्र एस लागत नाही आणि त्यांच्यापुढे मूळ रूपच येते. म्हणून ‘शी कॅन सिंग्ज’ चूक.

दुसरा निकष कर्माचा, आणि खरी अडचण इथेच आहे. बस थांबली आणि कंडक्टरने बस थांबवली, यांत मराठी क्रियापदाचे रूपच बदलते. इंग्रजीत ‘द बस स्टॉप्ड’ आणि ‘द कंडक्टर स्टॉप्ड द बस’ या दोन्हींत रूप तेच राहते. म्हणजे स्टॉप सकर्मक की अकर्मक, हे सुटा शब्द पाहून सांगता येत नाही, वाक्यच पाहावे लागते. भूतकाळात तृतीयपुरुषी कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद सकर्मक, ही मराठीतील खूण (‘तो मराठी शिकला’ यांसारखे अपवाद सोडून) बरीच उपयोगी पडते, पण ती इंग्रजीवर जशीच्या तशी लादू नये. ‘तो खोलीत शिरला’ यात कर्म नाही, तरी ‘ही एन्टर्ड द रूम’ यात आहे, आणि त्यामुळेच मुले ‘एन्टर्ड इन द रूम’ असे लिहितात. उलट ‘त्याने गाणे ऐकले’ हे सकर्मक असले तरी इंग्रजीत ‘ही लिसन्ड टू द साँग’, मधल्या टू शिवाय वाक्य होत नाही.

तिसरा प्रकार लिंकिंग क्रियापदांचा. ती कर्त्याचे वर्णन कर्त्याशी जोडतात. ‘द कुंदा टेस्ट्स स्वीट’ (कुंदा म्हणजे बेळगावची मिठाई) यात टेस्ट्सच्या जागी इज ठेवून पाहा. वाक्य टिकले तर ते लिंकिंग. ‘शी टेस्टेड द कुंदा’ यात तसे करता येत नाही, कारण तेथे चव घेण्याची क्रिया आहे. आमच्या भागातील मुलांना इथे विशेष लक्ष द्यावे लागते. ‘हे आमचे घर’ हे मराठीत आणि ‘इदु नम्म मने’ हे कन्नडमध्ये क्रियापदाशिवायच पूर्ण होते. त्यामुळे दोन्ही भाषा बोलणारा मुलगा ‘धिस अवर हाउस’ असे अगदी सहज लिहून जातो. इंग्रजीत मात्र इज गाळता येत नाही.

स्थितिदर्शक क्रियापदेही लक्षात ठेवावीत, कारण नो (माहीत असणे), बिलाँग (मालकीचे असणे) यांना सहसा आयएनजी लागत नाही. ‘आय ॲम नोइंग कन्नडा’ हे वाक्य आमच्याकडे शिकलेली माणसेही बोलतात. नियमित आणि अनियमित हा भेद केवळ रूपांचा असून, गो-वेंट-गॉन यांसारखी रूपे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. सकर्मक-अकर्मकाची शंका आल्यास मात्र पाठांतरापेक्षा चांगला शब्दकोश उघडावा. त्यात क्रियापदापुढे टी (सकर्मक) किंवा आय (अकर्मक) अशी खूण आणि खाली उदाहरणाचे वाक्य दिलेले असते, ते वाक्यच वहीत उतरवून घ्यावे.