वायरचा गेज, रेल्वेचा गेज, हवेचा गेज: हा एकच शब्द आहे का?

हो, शब्द एकच. उच्चार ‘गेज’ (gauge); ‘गॉज’ म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, ते वेगळं. मूळ कल्पना ठरलेल्या मापाची किंवा माप घेणाऱ्या साधनाची.

रेल्वेत गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. पुणे स्टेशनातला ब्रॉड गेज १६७६ मिमी, तर पुणे मेट्रोचा स्टँडर्ड गेज १४३५ मिमी. म्हणजे मेट्रोची गाडी लोणावळा लोकलच्या रुळांवर चालणारच नाही. पुणे-मिरज मार्गही पूर्वी मीटर गेजचा होता, म्हणजे १००० मिमी.

खरा घोळ तारेत होतो. पुण्यात इलेक्ट्रिक सामानाच्या तपकीर गल्लीत तांब्याची तार मागताना लक्षात ठेवा, आकडा वाढला की तार बारीक होते. ब्रिटिश एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) पद्धतीत १८ गेज म्हणजे व्यास १.२१९ मिमी, २२ गेज म्हणजे ०.७११ मिमी. कारण जुनं आहे: तार साच्याच्या भोकातून जितक्या वेळा ओढावी तितकी ती बारीक होते, आणि आकडे त्या क्रमाने चढत गेले. अमेरिकी एडब्ल्यूजीची (अमेरिकन वायर गेज) मापं वेगळी, त्यामुळे नुसतं ‘२० गेज’ न म्हणता मिमी विचारलेलं बरं. (घरच्या वायरिंगची वायर तर चौरस मिमीमध्येच मिळते.)

टायरमधली हवा बघतात तो प्रेशर गेज. तो बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो. टायर सपाट झाला की काटा शून्यावर, पण आत साधी हवा असतेच.

क्रियापद म्हणून वापरलं तर अंदाज घेणं, जोखणं: गिऱ्हाइकाचा मूड ‘गेज’ करणं.