पिसारोची शेतं आणि नाशिकचं ऊन: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कामिय पिसारो या इम्प्रेशनिस्ट (बदलता उजेड टिपणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या गटातल्या) चित्रकाराच्या ग्रामीण निसर्गचित्रांवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत रंगपेटी घेऊन शेतात जाणाऱ्यांचीच पत्रं जास्त निघाली. म्हणून या वेळी सदराची बरीच जागा प्रत्यक्ष कामाच्या प्रश्नांना दिली आहे.

लेखात पिसारोला ‘परदेशी’ म्हटलं आहे. तो तर फ्रेंच चित्रकार ना? (कॉलेज रोड)

चित्रकला फ्रान्समधली, माणूस बाहेरचा. त्याचा जन्म 10 जुलै 1830 रोजी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर झाला. हे बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. 1852 ते 1854 तो व्हेनेझुएलात चित्रं काढत होता, 1855 मध्ये पॅरिसला आला आणि 1903 मध्ये तिथेच वारला. उभं आयुष्य फ्रान्समध्ये काढूनही तो शेवटपर्यंत डेन्मार्कचाच नागरिक राहिला. 1870 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो कुटुंबासह लंडनला गेला. मागे पॅरिसजवळच्या लूव्हसिएनमधल्या त्याच्या घरात प्रशियाचे (जर्मन) सैनिक राहिले आणि तोवरची बहुतेक चित्रं नष्ट झाली. परतल्यावर तो पाँत्वाझला आणि 1884 पासून एरान्यी या खेड्यात राहिला. 1874 ते 1886 या काळात इम्प्रेशनिस्टांची आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं असलेला तो एकटाच.

ही सगळी चित्रं खरोखर शेतात उभं राहून काढलेली आहेत का? (पंचवटी)

सगळी नाहीत, आणि त्यानं त्यांचं मोल कमी होत नाही. 1870 च्या दशकातली बरीचशी निसर्गचित्रं जागेवर, एकाहून अधिक बैठकांत झालेली आहेत. माणसं मोठी असलेली चित्रं मात्र वहीतल्या रेखाटनांवरून घरात रचलेली असत. 1888 चं एरान्यीतल्या सफरचंदाच्या तोडणीचं चित्र घ्या. ते शुद्ध रंगांच्या बारीक ठिपक्यांनी भरलेलं आहे. असं काम वाऱ्यात उभं राहून होत नाही. ही ठिपक्यांची पद्धत त्याला पुढे फार संथ वाटली आणि त्यानं ती सोडली.

जागेवरची नजर कशी असते हे पाहायचं तर 1873 चं ‘पांढरं दहिवर’ पाहा. पहिल्या प्रदर्शनात ते होतं, आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. गोठलेल्या नांगरटीतून पाठीवर मोळी घेतलेला माणूस काठी टेकत चालला आहे. शेतावर लांबलचक निळसर सावल्या आडव्या पडल्या आहेत, पण त्या ज्या झाडांच्या आहेत ती झाडं चित्रात नाहीतच! चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या रंगवल्या म्हणून कास्तान्यारी या समीक्षकानं तेव्हा दोष दिला होता. आमच्या मते चित्राचा जीवच त्या सावल्यांत आहे. सरीच्या वरंब्यावरून सावली जाते तिथे ती वर चढते, सरीत खाली उतरते, आणि तेवढ्यावरून जमिनीचा उंचसखलपणा कळतो. जानेवारीत सकाळी साडेसातला पिंपळगाव बसवंतच्या बाजूला बांधावरच्या झाडांच्या सावल्या नांगरटीवर अशाच पडतात. आधी सावली काढा, झाड घ्यायचं की नाही ते नंतर ठरवा.

मी मखमलाबादच्या द्राक्षबागेत तैलरंगात काम करतो. जागेवर चित्र छान वाटतं, घरी आणलं की काळवंडलेलं दिसतं. रंग खराब आहेत का? (मखमलाबाद रोड)

रंग ठीक आहेत, उभं राहण्याची जागा चुकते आहे. कॅनव्हासवर थेट ऊन पडलं की त्यावरचा प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा उजळ दिसतो. डोळा दिपतो, म्हणून हात आपोआप गडद रंग उचलतो. घरच्या ट्यूबलाइटखाली मग खरा गडदपणा समोर येतो. कॅनव्हास आणि पॅलेट (रंग कालवायची फळी) दोन्ही सावलीत हवेत, आणि एकाच सावलीत. पॅलेट उन्हात आणि कॅनव्हास सावलीत असेल तरी मिश्रण फसतं. छत्री काळी किंवा राखाडी घ्या, रंगीत छत्रीची छटा पांढऱ्या कॅनव्हासवर उतरते. मांडवाच्या आत बसाल तर पानांतून झिरपणाऱ्या हिरव्या उजेडानंही हाच घोटाळा होतो. बागेच्या कडेला, सावली असेल पण वर मोकळं आभाळ असेल अशा जागी बसा.

सामान कमी ठेवा. 12 बाय 16 इंचांचा प्रायमर मारलेला कॅनव्हास बोर्ड, 4, 6, 8 आणि 10 नंबरचे चपटे राठ केसांचे ब्रश, एक पॅलेट नाइफ, झाकणाच्या स्टीलच्या डबीत 50 ते 60 मिली टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायचं द्रव) आणि जुन्या सुती साडीच्या चिंध्या. रंग सहाच. पिसारोनं 1878 च्या सुमारास आपल्या लाकडी पॅलेटवरच एक शेतातलं दृश्य रंगवलं. वरच्या कडेला रंगांचे गोळे तसेच ठेवले आहेत: पांढरा, पिवळा, लाल, गुलाबी मॅडर, निळा आणि हिरवा. काळा नाही, मातीपासून केलेले तपकिरी रंग नाहीत. त्या काळच्या रंगांत शिसं आणि आर्सेनिकही असे. आज त्याच क्रमानं टिटॅनियम व्हाइट, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, ॲलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियन घ्या. पांढरा लिंबाएवढा काढा, बाकीचे बोराएवढे. पॅलेटवर रंग कमी काढला की माणूस टर्पेंटाइन घालून तो पुरवतो, आणि चित्र पाण्यासारखं पातळ होतं.

आता वेळ. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे दोन तासांत सावल्या पार बदलतात. बैठक दोन तासांचीच धरा: सकाळी 7 ते 9, नाहीतर दुपारी साडेचारनंतर. 11 ते 3 नाशिकच्या उन्हात सावली झाडाच्या बुंध्याशी गोळा होते आणि सगळं रान सपाट दिसतं. पोस्टकार्डात 6 बाय 8 सेंटीमीटरची खिडकी कापा. ती 12 बाय 16 च्याच प्रमाणात असते. तिच्यातून दृश्य ठरवा.

पहिली दहा मिनिटं पातळ अल्ट्रामरीननं फक्त मोठे आकार आणि सावल्यांच्या कडा आखा. एकदा आखलेली सावली सूर्य सरकला तरी हलवायची नाही. पुढच्या अर्ध्या तासात सगळा बोर्ड झाकला गेला पाहिजे: आधी सावल्या, मग उन्हातली जमीन, मग आभाळ. एका तरुण चित्रकाराला पिसारोनं हेच सांगितलं होतं, की आभाळ, पाणी, फांद्या, जमीन हे सगळं एकाच वेळी पुढे न्यायचं, एक तुकडा पुरा करून दुसऱ्याकडे वळायचं नाही. याचं कारण साधं आहे. पांढऱ्या कॅनव्हासवर कुठलाही रंग गडदच वाटतो, शेजारचा रंग लागेपर्यंत तो बरोबर की चूक ते कळतच नाही. पुढचा एक तास टर्पेंटाइन बंद, रंग जाड. पातळावर जाड चालतं, जाडावर पातळ लावलं तर वरचा थर आधी वाळून तडकतो. उजळ रंगांचे आणि गडद रंगांचे ब्रश वेगळे ठेवा, दर फटक्यानंतर ब्रश चिंधीला पुसा. चिखल होतो तो रंगांमुळे नाही, न पुसलेल्या ब्रशामुळे.

गंगापूर धरणाकडे दुपारनंतर वारा सुटला की ईझल (चित्र टेकवायची घोडी) आडवं होतं. त्याच्या मधोमध दोन लिटर पाण्याची बाटली टांगा. आणि बागाईतदाराला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. फवारणीच्या दिवशी तर अजिबात नाही.

माझा हिरवा नेहमी कच्चा दिसतो, प्लास्टिकच्या वेलीसारखा. (सिडको)

ट्यूबमधला हिरवा सरळ लावला की असंच होणार. द्राक्षाच्या एकाच वेलीवर निदान तीन हिरवे असतात. ऊन अंगावर घेणारं पान, उन्हाकडे पाठ केलेलं आणि आरपार उजळलेलं पान, आणि मांडवाच्या पोटातलं सावलीतलं पान. पहिलं पान आभाळाचा उजेड परतवतं म्हणून ते थंड, थोडं पांढरट दिसतं: व्हिरिडियन, पांढरा, जरासा पिवळा. आरपार उजळलेलं पान सगळ्यांत पिवळं: तीन भाग कॅडमियम यलो, एक भाग व्हिरिडियन, ब्रशाच्या टोकावर येईल एवढं व्हर्मिलियन. तो लालाचा कण कच्चेपणा मारतो, जास्त झाला तर मात्र हिरवा तपकिरी होतो. सावलीतल्या पानाला व्हिरिडियन आणि ॲलिझरिन जवळजवळ निम्मे निम्मे, वर थोडं अल्ट्रामरीन. हे मिश्रण काळ्याच्या जवळ जातं, पण काळ्यासारखं मेलेलं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. आपली काळी जमीन उन्हात काळी नसते. डोळे किलकिले करून पाहा, उन्हातली काळी माती मांडवाखालच्या सावलीपेक्षा कितीतरी उजळ असते, राखाडी जांभळ्याकडे झुकणारी. अल्ट्रामरीन, व्हर्मिलियन आणि पुरेसा पांढरा. ती जमीन नीट बसली की शेजारचा हिरवा आपोआप जिवंत होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये घडांना कागद लावलेले असतील तर ते पांढरे रंगवू नका. सावलीतला कागद निळसर राखाडीच असतो.

शेतात काम करणाऱ्या बायका सतत हलतात. मी काढलेली माणसं बाहुल्यांसारखी ताठ येतात. (लासलगाव)

माणूस काढू नका, काम काढा. पिसारोच्या शेतकरणी ना देवघरातल्या मूर्ती आहेत ना दया यावी म्हणून मांडलेल्या. त्या वाकलेल्या आहेत, टोपली कमरेवर घेऊन थांबलेल्या आहेत, गवतात टेकल्या आहेत. कोणी आपल्याकडे पाहत नाही. आम्हाला त्याच्या चित्रांचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

कामाची हालचाल पुन्हा पुन्हा तीच येते, याचा फायदा घ्या. उन्हाळ कांद्याची पात कापणारी बाई उकिडवी बसते, डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा, कापलेला कांदा बाजूला पडतो, की पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांत तीच मुद्रा कितीतरी वेळा समोर येते. छोट्या वहीत एका पानावर पाच-सहा आकृत्या एकदम सुरू करा. मुद्रा परत आली की त्या त्या आकृतीत भर घाला. प्रत्येकीला आधी एकच रेघ: टाळूपासून माकडहाडापर्यंत पाठीचा बाक. मग गुडघा कुठे टेकतो. मग डोक्यावरचा पदर आणि पाठ मिळून एक सलग डाग. चेहरा, बोटं नकोत. ताठपणा येतो तो बाहेरची कड आधी आखल्यामुळे.

चित्रात घेताना पायाशी पडलेली सावली आकृतीबरोबरच लावा, नाहीतर बाई जमिनीवर तरंगते. उंचीचंही एक गणित आहे. जमीन सपाट असेल आणि तुम्ही उभे राहून पाहत असाल, तर तुमच्याच उंचीच्या उभ्या माणसाचे डोळे जवळ असो की लांब, क्षितिजाच्या रेषेवरच येतात. वाकलेली माणसं त्या रेषेच्या खाली जातात.

इगतपुरीकडे आवणीच्या दिवसांत तैलरंग चालतील का? (नाशिकरोड)

जुलैच्या पावसात जागेवर जलरंगही वाळत नाही, तैलरंग निदान पाण्यानं वाहून जात नाही. पण ओल्या बोर्डाला रंग धरत नाही. तेव्हा शेडखाली बसा, 8 बाय 10 इंचांच्या वर जाऊ नका. ओलं चित्र नेताना दोन बोर्ड समोरासमोर धरून चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे ठेवा आणि क्लिपा लावा. घरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंत तर बुरशी येईल. भिंतीपासून दोन बोटं अंतर ठेवून उभं करा. अल्ट्रामरीन आणि ॲलिझरिन वाळायला वेळ घेतात, वार्निशची घाई नको, सहा महिने तरी जाऊ द्या.

तैलरंगातल्या जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उन्हाधुळीत बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. निसर्गचित्रण सोडावं लागेल का? (रविवार कारंजा)

सोडू नका. पिसारोलाही उतारवयात अश्रुपिशवीचा विकार जडला होता. धूळ आणि वाऱ्यानं डोळा पुन्हा पुन्हा चिघळायचा. मग तो खिडकीत बसला. एरान्यीत घरातून दिसणारी कुरणं रंगवली, आणि 1897 मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खोलीतून बुलव्हार माँमार्त्र या रस्त्याची 14 चित्रं केली: धुक्यातला, पावसातला, उन्हातला, रात्रीचा.

तुमच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून बाजार दिसत असेल तर विषय आयताच आहे. वरून पाहताना क्षितिज उंच जातं, आभाळ थोडंच उरतं आणि रस्ता जवळजवळ सगळं चित्र व्यापतो. म्हणून बोर्ड उभा धरून पाहा. खिडकीच्या अगदी तोंडाशी बसू नका. दोन-तीन फूट मागे सरका आणि ईझल असं वळवा की उजेड डावीकडून बोर्डावर येईल. उजव्या हाताची सावली मग कामावर पडत नाही. धूळ नको म्हणून काच लावून बसणार असाल तर ती आतून-बाहेरून पुसून घ्या. काच रंगीत किंवा फिल्म लावलेली असेल तर लांबचे सगळे राखाडी बिघडतात. तसं असेल तर पहाटे वर्दळ सुरू व्हायच्या आधी अर्धा तास खिडकी उघडून तेवढ्यात लांबचे रंग लावून घ्या आणि जवळचं काम काच लावून करा.