वाचक विचारतात : ‘कॉमिक्स? या वयात?’

प्रश्न : आमचा बायकांचा वाचनगट आहे, महिन्याला एक पुस्तक. मागच्या वेळी मी ग्राफिक नॉव्हेल (म्हणजे चित्रांतून सांगितलेली पुस्तकभर गोष्ट) सुचवलं तर सगळ्या हसल्या, ‘अगं चांदोबा, वेताळ सगळं लहानपणीच वाचून झालं की.’ मला स्वतःला ते अंगावर टाइट कपडे घालून जग वाचवणारे हिरो जाम बोअर होतात. दुसरं काय आहे, आणि या मंडळींच्या गळी कसं उतरवू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे वेताळाचं नाव निघालं तर उलट खूश व्हा, कारण ज्यांनी वेताळाची (म्हणजे फँटमची) इंद्रजाल कॉमिक्स वाचलीत त्यांना चित्र आणि मजकूर एकदम वाचायची सवय आधीपासूनच आहे, ती नसलेल्या माणसाला शिकवायला फार त्रास होतो. दुसरं, ‘हे पण गंभीर साहित्य आहे बरं का’ असलं भाषण देऊ नका, भाषण ऐकून कुणी पुस्तक उघडत नाही. कुणाला कशात रस आहे ते बघा आणि त्या विषयाचं पुस्तक तिच्या हातात द्या, बास.

म्हणजे कसं, गटात कुणी म्हाताऱ्या वडिलांचं करत असेल तर तिला आर्ट स्पिगेलमनचं ‘माऊस’ द्या. चित्रांत ज्यू म्हणजे उंदीर, जर्मन म्हणजे मांजरं, १९९२ ला पुलित्झरचा खास पुरस्कार, हे सगळं खरंय पण ते तिला आधी सांगत बसू नका. तिला सांगा की एक मुलगा चिक्कू, चिडक्या, सारख्या गोळ्या मोजत बसणाऱ्या बापाकडे जातो आणि त्याची गोष्ट काढून घ्यायचा प्रयत्न करतो. सुरुवातीलाच बाप व्यायामाच्या सायकलवर बसून पेडल मारत मारत बोलतोय आणि त्याच्या हातावर ऑशविट्झ या नाझी छळछावणीचा नंबर गोंदलेला दिसतो, त्यावर कुणी काही बोलत नाही, तो फक्त चित्रात आहे. गद्य पुस्तकात लेखकाला त्यावर एक वाक्य तरी लिहावं लागलं असतं, इथे ज्याने बघितलं त्याने बघितलं. मला या प्रकारातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

आत्मचरित्रं आवडणारी असेल तर मार्जान सत्रापीचं ‘पर्सेपोलिस’, २००० पासून चार भागांत फ्रेंचमध्ये आलं, इंग्रजीत सहज मिळतं. इराणमध्ये क्रांती झालीय, शाळेत हिजाब सक्तीचा, आणि दहा वर्षांची मुलगी वर्गाचा फोटो दाखवते, त्यात चार मैत्रिणी दिसतात आणि ही स्वतः चौकटीच्या कडेला कापली गेलेली! सगळं नुसतं काळं-पांढरं, रेषा अगदी साध्या, म्हणून ‘आम्हाला चित्रातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यांना हे आधी द्यावं. आणि गटात तरुण मुली असतील, मुंबईत जॉब-रूममेट-लोकल वगैरे केलेल्या, तर अमृता पाटीलचं ‘कारी’ (२००८), फक्त ते जरा काळोखं आहे, सुरुवातच आत्महत्येच्या प्रयत्नाने होते, तेवढं आधी सांगून ठेवा.

भेटीच्या दिवशी एक करा, मजकूर मोठ्याने वाचायचा नाही. एक पान मधे ठेवायचं, शब्दांवर कागद ठेवायचा आणि प्रत्येकीने काय दिसतं ते सांगायचं. ज्यांचं पुस्तक अर्ध्या तासात ‘वाचून झालं’ ना, त्यांनी फक्त संवादाचे फुगे वाचलेले असतात हे लगेच कळतं :)

प्रश्न : मी आठवी-नववीला शिकवते. आंबेडकर जयंतीला मुलं तीच ती भाषणं पाठ करून येतात. चित्रांतून काही वेगळं देता येईल का?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, तुम्ही कराडच्या म्हटल्यावर तर बाबासाहेबांवरचं ग्राफिक पुस्तक ‘भीमायन’ पाहिजेच, मसूर स्टेशन तुमच्याच तालुक्यात की! १९०१ सालची गोष्ट, वडील खटाव तालुक्यात कॅशियर, भीम आणि बाकीची पोरं साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरतात, पत्र वेळेत न पोचल्याने न्यायला कुणीच आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी चांगली चौकशी करतो आणि जात कळली की त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेतो तरी यांच्यासोबत गाडीत बसायला तयार नाही, म्हणून पोरांनीच गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार, आणि रात्रभर घोटभर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

हे पुस्तक २०११ मध्ये नवयान प्रकाशनाने काढलं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची, दोघंही मध्य प्रदेशातले परधान गोंड आदिवासी कलाकार. त्यांनी चौकटी आखायलाच नकार दिला, माणसांना डब्यात कोंडायचं नाही, आमची कला खुली असते म्हणाले, त्यामुळे पानभर झाडं, जनावरं, माणसं एकमेकांत गुंतलेली. आणि संवादाचे फुगे बघाच. साधं, सरळ बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! मनातल्या मनात बोललेलं असेल तर त्यावर डोळा. मुलांना आधी काहीच सांगू नका, कुठल्या फुग्याला नांगी आहे ते शोधा म्हणा, वर्ग आपोआप पुस्तकात शिरतो. माझ्याकडची प्रत इंग्रजी आहे पण वाक्यं सोपी आहेत, तुम्ही मराठीत सांगत गेलात तरी चालेल. जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वरही श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ आहे, पण ते जरा मोठ्या मुलांना द्यावं.

प्रश्न : मुलगा दिवसभर मंगा (जपानी कॉमिक्स) वाचतो, तेही मागून पुढे. सगळी मारामारी. काय करू?
— एक आई, ठाणे

उत्तर : मागून नाही हो, जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडेच वाचतात, तो बरोबर वाचतोय. काढून घेऊ नका, ‘बेअरफूट गेन’ आणून द्या. केजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला, शाळेच्या भिंतीच्या आडोशाने ते वाचले पण वडील, बहीण, भाऊ गेले, आणि १९७३ पासून त्यांनी हे सगळं मुलांच्याच मंगा साप्ताहिकात काढलं. चित्रं भयंकर आहेत, त्यामुळे वय बघून आणि आधी स्वतः चाळून द्या.

प्रश्न : ही पुस्तकं महाग असतात. मित्राकडे पीडीएफचा अख्खा साठा आहे, ग्रुपवर टाकली तर चालेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही चालणार. एक माणूस दोन-तीन वर्षं बसून एकेक पान हाताने काढतो आणि खपणार मोजक्या प्रती, त्यात फुकट पीडीएफ फिरली की दुसरं पुस्तक येतच नाही. शिवाय मोबाइलवर पान झूम करून एकेक चौकट बघितली की अख्ख्या पानाची रचनाच हरवते. चौघांनी वर्गणी काढून एक प्रत घ्या आणि फिरवा, नाहीतर गावातल्या वाचनालयाच्या मागणीच्या वहीत प्रत्येकाने त्याच पुस्तकाची वेगवेगळी मागणी लिहा, एकाच पुस्तकासाठी चार सह्या दिसल्या की ग्रंथपाल विचार करतात. सुरुवात ओरिजित सेनच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ने करा, नर्मदेच्या आंदोलनावरचं आहे, तुमच्या खानदेशातल्याच नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावची गावं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात गेलीत. १९९४ मध्ये कल्पवृक्ष संस्थेने काढलेलं हे पुस्तक मधे कितीतरी वर्षं मिळतच नव्हतं, २०२२ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने परत छापलं. दुकानदार नाही म्हणाला तर प्रकाशकाचं नाव सांगून मागवायला लावा.