घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी वाचनाचं चॅलेंज कसं ठेवावं? पानामागे पैसे द्यावेत का?

मुलं नऊ आणि सहा वर्षांची, दोघंही घरीच शिकतात, पावसाळ्यात वाचनाचं चॅलेंज ठेवायचंय आणि पानामागे एक रुपया द्यायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. चॅलेंज जरूर ठेवा. रुपया मात्र देऊ नका.

पानाला भाव आला की मूल पानं उलटायला लागतं. मोठ्या टाइपाचं, पातळ पुस्तक उचलतं, वर्णनाचे परिच्छेद गाळतं. सगळ्यात वाईट म्हणजे आवडलेली गोष्ट पुन्हा वाचत नाही, कारण तिचे पैसे मिळून गेलेले असतात. खरं तर तीच गोष्ट चौथ्यांदा वाचणारं मूलच वाचक होतं.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 सालचा प्रयोग यासाठीच लक्षात ठेवा. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र’ असं आधीच सांगितलं होतं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ रंगांपाशी रमली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. म्हणून बक्षीस द्यायचंच असेल तर आधी जाहीर करू नका.

आता आराखडा. घरात सगळ्यांना येणारा हाउजीचा खेळ घ्या. ए-थ्री कार्डशीट आडवं धरून 4.5 सेंमी रुंद आणि 6 सेंमी उंच घरं आखा: तीन ओळी, नऊ रकाने. हाउजीच्या तिकिटासारखीच प्रत्येक ओळीत पाच घरं भरायची, म्हणजे एकूण 15. रिकाम्या 12 घरांत मुलानं वाचताना भेटलेला नवा शब्द आपल्या हातानं लिहायचा. खाली उरलेल्या पट्टीत पुस्तकांची नावं. मुदत सहा आठवडे, जुलैच्या सुरुवातीपासून, म्हणजे गणपतीची धावपळ सुरू व्हायच्या आत संपतं. आठवड्याला अडीच घरं पडतात, तेवढा वेग पुरे.

या 15 घरांमध्ये पुस्तकांची संख्या लिहू नका, प्रसंग लिहा. आजीला फोनवर पाच मिनिटं वाचून दाखव. टेबलाखाली बसून वाच. पेपरातली पावसाची बातमी वाचून छत्री न्यायची का ते तूच ठरव. ‘किशोर’च्या जुन्या अंकातली एक गोष्ट वाच (हे मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत). एक पुस्तक अर्ध्यावर सोड आणि का सोडलंस ते सांग. हे घर तर हवंच, कारण कंटाळवाणं पुस्तक सोडता येणं हीसुद्धा वाचकाची अक्कल आहे.

माझं सगळ्यात आवडतं घर म्हणजे लिंबू सरबत. कृती तुम्ही कागदावर लिहा, मुलानं वाचून करायचं, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. ‘पाव वाटी साखर’ घाईत ‘पाऊण वाटी’ वाचली गेली, तर पहिल्या घोटालाच कळतं. मूल आपणहून कागदाकडे परत जातं आणि या वेळी शब्दाखाली बोट ठेवून वाचतं. लाल पेनाचं काम साखर करते.

सहा वर्षांच्या मुलाचं तिकीट वेगळं करा. एकाच तिकिटावर दोघांना बसवलंत तर धाकटं दुसऱ्याच आठवड्यात अंग काढून घेतं. या वयात अडतं ते जोडाक्षरांपाशी, त्यातही ‘र’पाशी: सूर्य, प्रकाश, ट्रक, दुसऱ्या, चार शब्दांत चार रूपं. अडलं तर तीन सेकंद थांबा, शब्द सांगा, पुढे चला. फोड करून शिकवणं दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी. पुस्तकं ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पहिल्या पातळीची गोष्ट 250 शब्दांच्या आतली, दुसरी 600 पर्यंत. मोठ्यासाठी साधी चाचणी: एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले, तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं.

तिसरं तिकीट तुमचं. ते भिंतीवर नसेल तर बाकी दोन टिकत नाहीत.

घरी शिकवणाऱ्या पालकांशी माझं या विषयावर नेहमी वाजतं. काही जण म्हणतात, प्रत्येक गोष्टीचा सारांश आणि तात्पर्य लिहून घ्या, नाहीतर वाचलं कशावरून? अहो, तुम्ही कादंबरी संपवल्यावर कोणाला तात्पर्य लिहून देता? मटार सोलताना ‘कुठपर्यंत आलास?’ एवढं विचारा. वाचलं असेल तर मूल थांबत नाही. दुसरा गट म्हणतो, चॅलेंज म्हणजे मागच्या दारानं आलेली शाळाच, मुलं आपोआप वाचतील. ज्या घरात पुस्तकं हाताशी आहेत आणि आईबाप वाचतात, तिथे वाचतीलही. बाकीच्या घरी निमित्त लागतं. इंग्लंडात सार्वजनिक वाचनालयं 1999 पासून दर उन्हाळ्यात मुलांना हेच निमित्त देतात. तिथे आकडा साधारण सहाच पुस्तकांचा असतो.

दोन गोष्टी राहिल्या. प्रशस्तिपत्राचा तो प्रयोग मुळात आवड असलेल्या मुलांवरचा आहे. ज्याला पुस्तक हातातच धरवत नाही, त्याला सुरुवातीला छोटं आमिष दाखवलं तर बिघडत नाही, पण ते पानागणिक नको. आणि आठ-नऊ वर्षांचं मूल रोज वाचूनही अक्षरं उलटसुलट करत असेल, ओळ हरवत असेल, तर चॅलेंज थांबवा. डोळे तपासा, डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचायला शिकताना येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. तोवर ऐकलेली गोष्टही तिकिटात धरा.

फुल हाउस झालं तर पाऊस ओसरल्यावर, न सांगता, पाचगणीजवळच्या भिलारला न्या. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत कपाटं आहेत, कुठेही बसून वाचता येतं. मुक्काम ठेवा, एका दिवसात दोन-तीन घरंच होतात.