सभासदांच्या मालकीची वीज संस्था म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे अशी होती का?

साखर कारखान्यात शेतकरी सभासद असतो, तसा इथे वीज ग्राहकच सभासद आणि मालक. मळा शंभर एकरांचा असो वा घरात एकच बल्ब, मत एकच.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९३५ च्या सुमारास तिथल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. मैलामागे दोन-तीन घरं, तिथे खांब टाकणं खासगी कंपन्यांना परवडेना. १९३६ च्या कायद्याने सरकारने स्वस्त कर्ज दिलं आणि गावकऱ्यांनी संस्था काढून तारा ओढल्या. आज तिथे अशा सुमारे नऊशे संस्था आहेत. मला आवडलेली गोष्ट म्हणजे वर्षाअखेर उरलेली रक्कम ज्याने जेवढी वीज घेतली त्या प्रमाणात त्याच्या नावावर मांडतात. हातात मात्र बऱ्याच वर्षांनी पडते, कधी वीस-वीस वर्षांनी!

आपल्याकडे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही अशी वीज संस्था होती. शेतीपंपांचा मोठा भार, वसुली रखडलेली आणि ज्यांच्याकडून घाऊक वीज घ्यायची त्यांचीच थकबाकी. २०११ मध्ये परवाना संपला आणि पुरवठा महावितरणकडे गेला. माझ्या मते सहकार नव्हे, वसुली नडली. आपल्याच सभासदाची वीज तोडायला संचालक कसा धजावणार? पुढची निवडणूक असतेच ना.